बेर्ताताई वाशावर बसते

डेव्हेंटर,
२ नोव्हेंबर १८८७

ती. बेर्ताताईस,
धाकट्या फेन्नाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि रुलोफभाऊजींनी पाठवलेली धुरी दिलेली वाम, दोन्ही पोचलं. वाम मी आणि आमचा म्हातारा कारागीर हर्मेन, दोघांनी मिळून दोन दिवस पुरवून खाल्ली. हर्मेनने तुला नमस्कार सांगितला आहे. त्याची पाठ हल्ली फारच धरते, पण भट्टीपाशी आला की माणूस सरळ होतो.

एव्हर्ट गेला, मी विधवा झाले, त्याला तीन महिने होतील. तू विचारलंस म्हणून सांगते, मी जेवते, झोपते, दुकान उघडते. उन्हाळ्यातला शिलकी केक विकून संपला. लोक सकाळी येतात, रिकाम्या फळ्यांकडे बघतात आणि हवापाण्याच्या गोष्टी करून जातात. न्याहारीला लोण्याबरोबर केकचा काप नसेल तर या गावात दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही, आणि माझ्याकडे काप नाही.

केक नाही, पण कणीक आहे. मार्चमध्ये एव्हर्टने गरम मधात राय या धान्याचं पीठ कालवून तीन पिंपं भरली होती. ती तळघरात मुरताहेत. आता कणीक दगडासारखी झाली आहे. ती तशी व्हायलाच हवी. पण तिला बाहेर काढून मोडायची, मोडून मऊ करायची, मग तिच्यात लवंग, जायफळ, दालचिनी आणि पापडखार घालायचा, तर मोडणीच्या वाशावर भारी माणूस बसायला लागतं. वाशाचं एक टोक भिंतीतल्या कडीत, खाली फळीवर कणीक, आणि मोकळ्या टोकावर माणूस. त्याने बसायचं, उठायचं, पुन्हा बसायचं, दिवसभर. अठरा वर्षं तिथे एव्हर्ट बसला. मी बसून पाहिलं. हर्मेनला शेजारी घेऊन बसून पाहिलं. कणकेला पत्ताही लागला नाही. घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात, माझा तर एकच वासा आहे आणि तो जागचा हलत नाही.

काल माझे थोरले दीर लॅम्बर्टभाऊजी येऊन गेले. फार गोड बोलले. म्हणाले, तिन्ही पिंपं मी माझ्या कारखान्यात नेतो, तुझ्या जिवाला त्रास नको, तू माझ्या दुकानात गल्ल्यामागे बस. जाताजाता आठवणही करून दिली, की सेंट निकोलसच्या बाजारात ज्याची जागा रिकामी राहिली त्याची जागा घरातल्या पुढच्या पुरुषाकडे जाते, हा आमच्या केकवाल्यांच्या संघाचा जुना नियम. वजनघराच्या पायऱ्यांशेजारची आमची जागा, एव्हर्टच्या आजोबांपासूनची. बाजार तीन डिसेंबरला आहे. ती जागा गेली तर बेकरी गेलीच म्हणून समज.

गल्लीतल्या दोघा-तिघा धिप्पाड हमालांना मी विचारून पाहिलं. सगळ्यांना एकाएकी कामं निघाली. लॅम्बर्टभाऊजी त्यांच्याशी आधीच बोलून बसले असावेत.

असो. तुझी तब्येत कशी आहे? चांगली ठणठणीत असशीलच. तुझ्या तब्येतीला कुणाची दृष्ट न लागो. रुलोफभाऊजींना नमस्कार. धाकटीवर लोभ आहेच, तो या थंडीत जरा जास्त असू द्यावा.

तुझी
फेन्ना


हासेल्ट,
८ नोव्हेंबर १८८७

चि. फेन्नास,
बेर्ताताईचे अ. उ. आ.

पत्र वाचून डोकंच फिरलं. तो लॅम्बर्ट म्हणजे तोंडात साखर आणि बगलेत सुरी. तुझ्या लग्नात त्याने भावाला सगळ्यांत लहान ग्लासात दारू ओतली होती, तेव्हाच मी आईच्या कानात सांगितलं होतं की हा माणूस मापात पाप करणारा आहे. त्याच्या गल्ल्यामागे तू बसलेली मला बघवणार नाही. तू त्याला पिंपांना हात लावू देऊ नकोस. तळघराला कुलूप घाल आणि किल्ली गळ्यात अडकव.

आता अक्कल वापर. माणूस मिळत नाही तर माणसाच्या वजनाचं काहीतरी बांध. पिठाची पोती नाहीत का तुझ्याकडे? वाशाच्या टोकाला तीन पोती आवळून बांध आणि दे सोडून. एवढं साधं सुचू नये म्हणजे कमाल आहे. लहानपणीही तू विहिरीपाशी उभी राहून पाणी कसं काढायचं म्हणून रडायचीस.

इकडे सगळं ठीक. हे चुना भरून झ्वोलेपर्यंत जाऊन आले, होडीला गळती लागली आहे म्हणून कुरकुरताहेत. पाद्रीबाईंकडे रविवारी कॉफी होती. मी गेले नाही. मला कुठे जायला फुरसत आहे?

पोत्यांचं काय झालं ते लगेच कळव. अंगात लोकरीचं घाल, तळघर गार असतं. माझा लोभ न मागताही तुला मिळत आलाय, तो तसाच पुढे चालू समज.

तुझी ताई
बेर्ता


डेव्हेंटर,
१२ नोव्हेंबर १८८७

ती. बेर्ताताईस,
फेन्नाचा सा. न. वि. वि.

पोती बांधली. कणकेवर वासा बसला आणि बसूनच राहिला. पोत्याला उठता येत नाही ग ताई. दाबलं की उचलायचं, उचललं की जरा बाजूला सरकून परत दाबायचं, हे जिवंत माणसालाच जमतं. मी आणि हर्मेन पोती उचलून ठेवता ठेवता अर्धमेले झालो. शेवटी एक पोतं फाटलं आणि हर्मेन डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झाला. मी एव्हर्ट गेल्यापासून पहिल्यांदा हसले, आणि मग लगेच रडले.

तळघराची किल्ली मात्र गळ्यात आहे. लॅम्बर्टभाऊजी परवा दोन माणसं आणि हातगाडी घेऊन आले होते. मी म्हटलं, कणीक अजून मुरायची आहे. ते हसले आणि म्हणाले, फेन्ना, तीन डिसेंबर काही मुरायला थांबत नाही.

आता आडून आडून नाही लिहीत. तू येशील का? चार दिवस ये. मला या गावात वाशावर बसवायला कुणी नाही, आणि हे काम ज्याला जमेल असं माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. मागच्या पत्रातच लिहिणार होते, पण हात धजला नाही. तू रागावशील हे मला कळतं. रागाव, पण ये.

तुझी
फेन्ना


हासेल्ट,
१६ नोव्हेंबर १८८७

फेन्ना,

ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी जुनी सवय. तरी म्हटलं, तब्येतीची एवढी चौकशी कशाला चालली आहे? दृष्ट न लागो म्हणे.

गावात मला हत्तीण म्हणतात हे मला ठाऊक आहे. मुलं पुलावर माझ्या मागून चालतात आणि पूल हलतो का बघतात. झ्वोलेला लग्नात भरल्या पंगतीत माझ्याखाली खुर्ची मोडली तेव्हा सारंगीवाल्याने वाजवणं थांबवलं होतं, लोकांना नीट हसता यावं म्हणून. त्या दिवशी हसली नाहीस अशी तू एकटीच. म्हणून आज तुझं पत्र वाचून जास्त लागलं. परक्याने म्हटलं असतं तर मी ऐकून सोडलं असतं.

पोती जमली नाहीत, तेव्हा बहीण आठवली. मी येणार नाही. पुन्हा विचारू नकोस.

बेर्ता


हासेल्ट,
१९ नोव्हेंबर १८८७

प्रिय फेन्नास,
रुलोफचा नमस्कार वि. वि.

मी पत्र लिहिणारा माणूस नाही हे तू जाणतेस. हे तिला न सांगता लिहितो आहे, तेव्हा तिच्यासमोर वाचू नकोस.

तुझं पत्र आल्यावर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली ती भांड्यांशी. मी मध्ये पडलो नाही. बावीस वर्षांच्या संसारात मी एवढं शिकलो आहे, की ती भांडी आपटते तोवर काळजी नाही, ती शांत झाली की समजावं, काहीतरी ठरलं. काल संध्याकाळी शांत झाली. वाटाण्याचं सूप वाढता वाढता तिने मला विचारलं, की तुमची ती वाम पकडायला जाताना घालायची जाड चामडी विजार कुठे आहे. मी म्हटलं, तुला कशाला? म्हणाली, वाशावर काय नुसता घागरा घालून बसू?

तेव्हा आम्ही सोमवारी निघतो. होडीची गळती मी बुजवून घेतली आहे. मंगळवारी तुमच्या घाटावर तिला उतरवून मी चुना पोचवायला जाईन आणि तसाच परत फिरेन.

तुला तीन गोष्टी सांगतो. ती आल्यावर आभार मानू नकोस. तिला बसायला खुर्ची देऊ नकोस, भिंतीला लागून दगडी ओटा असेल तर तिथे बसव. झ्वोलेच्या त्या लग्नापासून ती दुसऱ्याच्या घरात बसलेली नाही. चर्चमध्येसुद्धा गुडघा दुखतो सांगून मागे उभी राहते. गुडघ्याला काही झालेलं नाही. आणि तिसरं, कुणी हसलं तर माझ्या वतीने त्याला आयसेल नदीत ढकल, बाकी मी बघून घेईन.

लोभ आहे तो राहावा. तिचा राग मात्र मनावर घेऊ नये.

तुझा
रुलोफ


डेव्हेंटर,
२५ नोव्हेंबर १८८७

रा. रा. रुलोफ यांस,
बेर्ताचा नमस्कार वि. वि.

तुमची विजार मांडीपाशी उसवली. आल्यावर शिवून देईन. त्यावरून एक शब्द बोलायचा नाही.

मंगळवारी फेन्ना घाटावर आली होती. माझ्यापुढे उभी राहिली आणि सरळ माझी पिशवी घेतली. तुम्ही तिला काही लिहिलं असेल अशी मला शंका आहे, कारण घरात शिरल्यावर एकही खुर्ची दिसली नाही. खुर्च्या सगळ्या माडीवर नेऊन ठेवल्या होत्या. ती स्वतःसुद्धा माझ्याबरोबर ओट्यावर बसून जेवली. ती पोर इतकी वाळली आहे, की खांद्यावरून शाल घसरते. माझा निम्मा राग तिथेच गेला. उरलेला मी कामासाठी ठेवला.

बुधवारी सकाळी आम्ही तळघरात गेलो. हर्मेनने पहिल्या पिंपाचं झाकण काढलं. फेन्ना रोज खाली जाऊन झाकण उचलून बघते असं त्याने सांगितलं होतं, ते का, हे तेव्हा मला समजलं. कणीक भरून झाली की एव्हर्ट वरून मूठ दाबून ठेवायचा, ती त्याची खूण. चार बोटांच्या पेरांचे खळगे अजून तसेच होते. आत चिमूटभर धूळसुद्धा नव्हती, ती पुसत असणार. हर्मेनने सुरी हातात घेतली आणि खाली ठेवली. शेवटी फेन्नानेच सुरी घेतली. खळग्यांच्या मधोमध घातली. म्हणाली, त्याने हे बघत बसण्यासाठी केलेलं नाही, खाण्यासाठी केलंय. आणि कापत गेली. मी पाठ फिरवून डोळे पुसले. हे तुम्हाला सांगते, दुसऱ्या कुणाला कळलं तर याद राखा.

मग वर आलो. मी वासा हाताने दाबून पाहिला. चांगला जाड आहे, ओकचा आहे, पण खुर्चीही ओकचीच होती. मी घागरा वर खोचला, तुमची विजार नीट केली, आणि डोळे मिटून बसले. वासा कुरकुरला. मग खालून एक आवाज आला, जाड बर्फाला पहिला तडा जातो तसा. मला वाटलं मोडला. हर्मेन ओरडला, की ताई, उठा आणि परत बसा, कणीक फुटली.

तेव्हापासून मी जी बसले ती दिवे लागेपर्यंत. पायाने जमिनीला रेटा द्यायचा, उठायचं, चार बोटं सरकायचं, बसायचं. हर्मेन वाशाखालून हात घालून कणीक फिरवायचा, मसाला भुरभुरायचा आणि हात काढून घ्यायचा. त्याचं बोट कधी सापडेल या भीतीने मी अर्धी झाले, आणि तुम्ही म्हणाल झालीस तर बरं. त्याला माझी लय कळावी म्हणून फेन्ना चर्चमधलं स्तोत्र म्हणत होती. सूर ओढला की मी खाली, सूर सुटला की मी वर. दोन घटका गेल्या आणि कणीक ताणली जायला लागली. काळीभोर, चकचकीत, आणि वास असा की भूक नसलेल्याला भूक लागावी.

गल्लीत बातमी पसरली. खिडकीपाशी बायका जमल्या, मग पुरुष. मी मनाशी म्हटलं, आता हसतील. एक पोरगेलासा हमाल हसलाही. शेजारच्या म्हाताऱ्या स्टीन्येने त्याला विचारलं, तुला बोलावलं होतं तेव्हा तू कुठे मेला होतास? तो मागे सरकला. मग तीच म्हातारी आत तोंड घालून मला म्हणाली, बाई, जरा जोरात. रुलोफ, आयुष्यात मला कुणी जोरात म्हणालं नव्हतं. सगळे आजवर हळू म्हणत आले. हळू बस, हळू चाल, पूल जुना आहे. मी जोरात बसले. भिंतीवरची भांडी वाजली आणि खिडकीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. मला इतकं बरं वाटलं, की काय सांगू. झ्वोलेच्या त्या लग्नापासून दोन वर्षं मी स्वतःला आवळून आवळून बारीक करत होते, ते सगळं सुटलं.

दुपारी लॅम्बर्ट आला. उंच हॅट, चांदीची मूठ असलेली काठी. दारातच थबकला. मला काही न बोलता फेन्नाला म्हणाला, की बाईमाणसाने वाशावर असं पाय टाकून बसणं या घराण्याला शोभत नाही. फेन्ना स्तोत्र म्हणायची थांबली नाही, म्हणून उत्तर मी दिलं. मी म्हटलं, शोभत नसेल तर पाठ करून उभे राहा, तेवढं तुम्हाला शोभेल. खिडकीत जो हशा झाला तो माझ्यावर नव्हता. तो गेला.

काल दुसरं पिंप मोडलं, आज तिसरं. भट्टी पेटली आहे. हर्मेन केकच्या लाद्या आत सारतो आहे आणि माझ्या मांड्या लाकडाच्या झाल्या आहेत. रात्री फेन्नाने पायांना गरम तेल लावून दिलं. आभार मानले नाहीत. तुम्ही नक्कीच काहीतरी लिहिलंय.

सोमवारी मला न्यायला या. परतताना एका खुर्चीत बसून कॉफी प्यायची माझी इच्छा आहे, झ्वोलेच्या घाटावरच्या खानावळीत, सगळ्यांदेखत. मोडली तर भरून द्या. तुमच्या अंगात लोकरीचं आहे ना? माझा लोभ तुमच्या विजारीपेक्षा मजबूत आहे, काळजी नसावी.

तुमची
बेर्ता


डेव्हेंटर,
१२ डिसेंबर १८८७

ती. बेर्ताताईस,
फेन्नाचा आनंदाने सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण उशिराचं कारण ऐकून तू रागावणार नाहीस. बाजार झाल्यापासून मला बसायला सवड नाही.

तीन तारखेला पहाटे आम्ही वजनघराच्या पायऱ्यांशेजारी जागा मांडली. मी आणि हर्मेनने लाद्या रचल्या. धुकं होतं, हात बधिर झाले होते. मला धाकधूक एकच, की चव तीच आहे का. मसाला हर्मेनच्या हातचा असला तरी मोडणी नवी होती. पहिली आली ती म्हातारी स्टीन्ये. तिने तिथेच काप तोडून तोंडात घातला, बराच वेळ चघळला, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, की एव्हर्टच्यापेक्षा मऊ आहे, लवंग मात्र जरा पुढे आली. लवंगेबद्दल हर्मेन तिच्याशी भांडला. भांडण ऐकायला लोक जमले आणि जमलेले लोक केक घेऊन गेले. दुपारच्या आत फळ्या रिकाम्या. महापौरांच्या स्वयंपाकीणबाईंना मिळाला नाही, त्या फणफणत गेल्या. मी मागे वळून वजनघराच्या भिंतीला डोकं टेकून रडले. खूप वर्षांत इतकं चांगलं रडले नव्हते.

समोरच्या बाजूला लॅम्बर्टभाऊजींची जागा होती. ते येऊन म्हणाले, या खेपेला निभावलं, चांगलं झालं. पण परगावची बहीण दर वर्षी मागता येत नाही. ज्या बेकरीला वाशावरचं स्वतःचं माणूस नाही ती बेकरी नव्हे, असं मी नव्या वर्षाच्या सभेत संघापुढे मांडणार आहे, जागा माझ्या नावावर करून घेणार आहे, मनाला लावून घेऊ नकोस. ताई, माझ्या तोंडचा घासच काढला. कारण संघात त्यांचा शब्द चालतो. घरी येऊन मी रिकामी पिंपं घासत बसले. मार्चमध्ये ती भरायची की नाही, हेच कळेना.

आता पुढचं ऐक. गुरुवारी त्यांचा वाशावरचा माणूस, तो गेट, बर्फावरून घसरला आणि पाय मोडून बसला. उन्हाळ्यापर्यंत उठत नाही. भाऊजींची कणीक तळघरात भरून पडली आहे आणि नव्या वर्षाच्या केकला तीन आठवडेही नाहीत. बाकीच्या केकवाल्यांकडे माणसं आहेत, पण भाऊजींनी आजवर एकेकाच्या पायावर पाय दिलाय, कोण देतो? ज्या हमालांना माझ्याकडे येऊ नका म्हणून सांगितलं होतं, ते आता त्यांच्याकडेही जात नाहीत. म्हणतात, आम्हाला सवय नाही. शेवटी त्यांनी औषधाच्या दुकानदाराला बसवून पाहिलं. तो भारी आहे, पण चौथ्या उठाबशीला त्याला घेरी आली आणि तो कणकेवरच आडवा झाला.

काल भाऊजी माझ्याकडे आले. हॅट काढली होती. बराच वेळ थंडीबद्दल बोलले. मग विचारलं, की तुझी बहीण हासेल्टला नेमकी कुठे राहते. मी पत्ता सांगितला.

तुला मी काही सुचवत नाही. सुचवण्याची माझी सवय तुला आवडत नाही. रुलोफभाऊजींना नमस्कार, आणि खुर्चीत बसून कॉफी प्यायलीस हे त्यांनी कळवलं, वाचून हर्मेनने टोपी उडवली. धाकटी तुझ्या लोभावर जगते, हे तू जाणतेसच.

तुझी
फेन्ना


डेव्हेंटर,
१३ डिसेंबर १८८७

सौ. बेर्ताबाई यांस,
लॅम्बर्ट तेर स्टेखे याचा कृतानेक सा. न. वि. वि.

आपणां सर्वांची प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. इकडे थंडी फार आहे. मागील भेटीत कामाच्या गडबडीत आपल्याशी मनमोकळं बोलता आलं नाही, याची मनाला रुखरुख आहे. आपलं कौशल्य पाहून मी त्याच दिवशी थक्क झालो होतो. ते बोलून दाखवायचं राहून गेलं.

आमचे येथील गेट यास अपघात झाल्याचं आपल्या कानी आलंच असेल. नव्या वर्षाचा केक गावात पोचला नाही तर घराण्याच्या नावाला बट्टा लागेल, आणि ते नाव आपल्या भगिनीचंही आहे. आपण आठ दिवस माझ्या कारखान्यात येऊन वाशाचं काम पाहावं ही विनंती. प्रवासाची सोय मी करीन. माझा वासा फेन्नाच्या वाशाहून रुंद आहे, त्यावर गादी घालून देता येईल. मागील दाराने आत येण्याची व्यवस्था आहे, म्हणजे लोकांच्या नजरेचा आपणांस त्रास होणार नाही.

नदी गोठायच्या आत उत्तर यावं. कृपालोभ असावा, मागचं विसरावं.

आपला
लॅम्बर्ट तेर स्टेखे


हासेल्ट,
१६ डिसेंबर १८८७

रा. रा. लॅम्बर्ट तेर स्टेखे यांस,
बेर्ता हिचा नमस्कार वि. वि.

पत्र पोचलं. माझी प्रकृती उत्तम आहे, आपण ती पाहिलीच आहे. गेटचा पाय लवकर बरा होवो, तो गरीब माणूस आहे, त्याच्याकडे वाटाण्याचं सूप पाठवत जा.

मागच्या दाराची सोय केलीत हे वाचून आमचे हे इतके हसले, की होडीतला चुना सांडला. मला गादी नको आणि मागचं दारही नको. मी मागच्या दारात मावत नाही.

आपण लिहिलंत की आठ दिवस माझ्या कारखान्यात या. ते होणार नाही. त्याचं कारण आपणच सांगितलं आहे. ज्या बेकरीला वाशावरचं स्वतःचं माणूस नाही ती बेकरी नव्हे, असं आपण फेन्नाला बजावलंत. मला ते पटलं. म्हणून मी तिच्या वाशावरचं माणूस झाले आहे. यंदापासून दर हिवाळ्यात, मला चालता येतंय तोवर. हे आम्ही नवरा-बायकोने ठरवलं, फेन्नाला आजच वेगळं कळवते आहे. आता मी तिची कामकरी. तिच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या वाशावर बसणं मला शोभत नाही.

तरी आपली अडचण खरी आहे, आणि मसाल्याच्या केकशिवाय कुणाचं नवं वर्ष उजाडू नये असं मलाही वाटतं. तेव्हा असं करा. सभा नव्या वर्षापर्यंत ताटकळत ठेवू नका, येत्या आठवड्यात बोलवा. सगळ्या केकवाल्यांसमोर आपल्या तोंडाने सांगा, की वजनघराच्या पायऱ्यांशेजारची जागा फेन्नाची, ती हयात आहे तोवर तिची, आणि तिच्यानंतर ती म्हणेल त्याची. ते झालं की हर्मेन मला कळवेल. त्याच दिवशी आमची होडी सुटेल.

मी उतरेन ती फेन्नाच्या घाटावर आणि बसेन ती फेन्नाच्या वाशावर. आपली पिंपं हातगाडीवर घाला, आपली हातगाडी आहेच. भर दिवसा गल्लीतून तिच्या पुढच्या दाराशी आणा, हॅट काढा, आणि तिला विचारा, आज माझ्या कणकेला तुझ्याकडे जागा आहे का. ती हो म्हणाली तर मी बसते.

ती हो म्हणेल. ती माझ्यासारखी नाही. म्हणूनच विचारताना नीट विचारा.

लोभ माझ्यावर नसला तरी चालेल, तिच्यावर असावा ही विनंती नव्हे, अट आहे.

बेर्ता